बरोबरचं बटण

पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे जी बाई बसायची, तिला सगळे दखलबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच सुखी होतं. समोरच्याने आपलं रडगाणं सुरू केलं, की हिची मान डुलायला लागायची. दुसऱ्या वाक्याला "अगं बाई", तिसऱ्याला "हो ना", आणि चौथं तोंडातून निघायच्या आत कागदावर शिक्का पडलेला असायचा : दखल घेतली आहे. माणूस समाधानाने घरी जायचा. नळाला पाणी येवो न येवो, कुणीतरी ऐकून घेतलं एवढ्यावर माणसं वर्षं काढतात. आपल्यासारखं ऐकून घेणारं या कचेरीत दुसरं कुणी नाही, अशी दखलबाईची पक्की समजूत होती. ही समजूत मोडायला एक नऊ वर्षांची मुलगी, एक मोबाइल आणि टाळ्या वाजवणारं एक हिरवं कासव एवढी सामग्री लागली.

मुलगी तिचीच. घरात तिला छकू म्हणत, आणि तिलाही तेच पसंत होतं, कारण खऱ्या नावात दोन ‘र’ होते. छकूचा ‘र’ मनातून निघताना ठणठणीत असायचा, पण ओठांपर्यंत येईतो त्याचा ‘ल’ आणि ‘य’ यांच्यामधला एक ओलसर गोळा व्हायचा. लहानपणी घरादाराने त्याचं कौतुक केलं. पाहुणे आले की मुद्दाम बोलायला लावलं. सातव्या वर्षी पाहुण्यांचं हसू जुनं झालं आणि आठव्या वर्षी वर्गातल्या पोरांचं नवीन सुरू झालं. तेव्हापासून छकूने त्या अक्षराशी कट्टीच घेतली. हिरव्या रंगाला ती ‘पानाचा’ म्हणायची, रविवारला ‘सुट्टी’, आणि दोन दुणे किती विचारलं तर ‘तीन नि एक’. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, किती विचार करून बोलते हो पोर. विचार तर होताच. एवढा विचार करून वकीलही बोलत नाहीत.

हे असंच चालून गेलं असतं. पण छकूच्या शाळेत रोज सकाळी एक मूल माइकवरून सूचना वाचायचं आणि ती आवारातल्या कर्ण्यांतून साऱ्या शाळेला ऐकू जायची. छकूची पाळी दोन महिन्यांवर आली. मजकूर शाळेने छापून दिलेला, रस्ता कसा ओलांडावा याबद्दलचा. त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नाही, आणि ज्याने तो लिहिला त्याने ‘र’चं पोतंच ओतलेलं. वर्गशिक्षिकेने मायेने विचारलं, तिची पाळी दुसऱ्या कुणाला देऊ का? ते नेमकं छकूने ऐकलं. रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी माझं पोट दुखेल."

"आत्ता दुखतंय का?" तिच्या बाबांनी विचारलं.

"आत्ता नाही. त्या दिवशी."

दुखण्याची अशी आगाऊ नोंदणी दखलबाईने कचेरीतही पाहिली नव्हती. पोरीला न वाचण्याचं दुःख नव्हतं, तिने न वाचण्याची व्यवस्था लावून टाकली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

मग सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, काही करू नका, हिच्या बापालाही पाच वर्षं बोलता येत नव्हतं. आता येतं, पण बोलत नाही. छकूच्या बाबांनी यावर काही बोलणं टाळलं. काकूंनी सांगितलं, जिभेखाली पेन्सिल धरायची. ती धरली. छकूला लाळ सुटली आणि पेन्सिलीला टोक राहिलं नाही. मग त्या म्हणाल्या, शिट्टी शिकवा, माझ्या भाच्याला शिट्टीनेच फरक पडला. भाचा एकदा जिन्यात भेटला. बोलला छान, फक्त मध्येच कुठेतरी शिट्टी वाजत होती.

शेवटी वर्गशिक्षिकेनेच एका ॲपचं नाव सुचवलं. बोलण्यातले दोष घालवणाऱ्या एक मॅडम दूरच्या शहरात बसतात, दर पंधरा दिवसांनी पडद्यावर दर्शन देतात, आणि मधल्या काळात घरी रोज सराव करायचा. पडद्यावर चित्र येतं, मुलाने शब्द म्हणायचा, आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने दोनपैकी एक बटण दाबायचं : ‘बरोबर’ किंवा ‘पुन्हा’. बरोबर दाबलं की हिरवं कासव टाळ्या वाजवतं. ठरावीक टाळ्या झाल्या की पुढची पायरी. बटण दाबायचं काम म्हटल्यावर दखलबाईच्या अंगात उत्साह संचारला. तिच्या उभ्या आयुष्याची तयारीच त्याची होती.

पहिली अडचण निघाली ती ॲपच्या कानांची. पंखा चालू केला की पडद्यावर पाटी यायची, आजूबाजूला आवाज आहे, कृपया शांत जागी जा. पंखा बंद केला तर सासूबाईंचा खोकला त्याला ऐकू जायचा. खोकला थांबला तर काकूंचा मिक्सर. दखलबाईने मदतकेंद्राला सविस्तर कळवलं, घराची रचना समजावून सांगितली, कोणती भिंत कुणाकडे आहे तेही लिहिलं. उत्तर क्षणात आलं : आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. दखलबाईने ते दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते वाक्य तिच्याकडे तोंड करून उभं होतं, आणि समोरून ते इतकं पोकळ दिसतं याची तिला कल्पना नव्हती.

शांत जागा अखेर कपड्यांच्या कपाटात सापडली. थंडीतले कोट आणि रजया यांच्यामध्ये मायलेकी मांडी घालून बसत आणि दार ओढून घेत. मोबाइलच्या उजेडात छकूचं नाक तेवढं दिसायचं. एकदा काकू वाटी परत द्यायला आल्या आणि त्यांनी विचारलं, मायलेकी कुठे आहेत? छकूच्या बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, "कपाटात." काकूंनी वाटी ठेवली आणि त्या पायांचा आवाज न करता निघून गेल्या. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या दखलबाईचा हात हातात घेऊन, काही लागलं तर सांग हो, असं म्हणायला लागल्या.

पण प्रगती झाली. काय सांगावी ती प्रगती! छकू शब्द म्हणायची, दखलबाईची मान डुलायची, अंगठा पडायचा, कासव टाळ्या वाजवायचं. राजा, बरोबर. घर, बरोबर. तार, दोरी, चक्र, सगळं बरोबर. सुट्या शब्दांची पायरी पार, वाक्यांची पार, आणि पहिलं दर्शन होईपर्यंत छकू थेट ‘आपल्या मनाने गोष्ट सांगा’ या शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. कचेरीत दखलबाईने पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. ॲपने पाठवलेलं प्रशस्तिपत्र तिने साहेबांनाही दाखवलं. साहेबांनी न बघता मान डोलावली, आणि ते तिला फार आपुलकीचं वाटलं.

मग पडद्यावर मॅडम आल्या. केस पांढरे, आवाज मऊ. पंधरा दिवसांत एवढ्या वर चढलेलं मूल मी पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या आणि दखलबाईने विनयाने पदर सारखा केला. मॅडमनी छकूला विचारलं, काल दिवसभर काय काय केलंस?

"सकाळी उठले, दूध प्यायले, शाळेत गेले," छकू म्हणाली. "बाईंनी गणित दिलं. मग खाली खेळले. मग आमच्या खिडकीत एक बोका आला."

ती मांजर होती. तिला पिल्लंसुद्धा होती, आणि ती सगळी दखलबाईच्या गच्चीत होती. पण बोका म्हणायला सोपा.

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, छान सांगितलंस, त्या अक्षराला एकदाही हात न लावता एवढं बोलायला फार हुशारी लागते. आणि मग त्यांनी आधीच्या सरावांचे साठवलेले आवाज लावले. राजा. घर. तार. दोरी. मोबाइलमधून ओलसर गोळे एकामागून एक पडत राहिले, आणि प्रत्येक गोळ्यामागून कासवाच्या टाळ्या.

"आई, यातले कोणते बरोबर वाटले तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"सगळेच," दखलबाई म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती.

मॅडमनी तिला तिथल्या तिथे दहा शब्द ऐकवले, काही चांगले म्हटलेले, काही बिघडलेले. दखलबाईने दहाही वेळा बरोबर दाबलं. कासव पडद्यावर आलं, त्याने तिला एक चांदणी दिली आणि ‘छान प्रयत्न’ अशी पाटी धरली. पदवीधर बाईला कासवाकडून उत्तेजनार्थ बक्षीस मिळणं ही काही साधी गोष्ट नाही. तिने ताठ मानेने सांगितलं की तिच्या कानात काहीतरी बिघाड असावा, आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, पिपाण्या वाजवल्या आणि सांगितलं, कान उत्तम आहेत, या वयात इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात.

"म्हणजे ऐकू सगळं येतं," ती घरी येऊन म्हणाली.

"येतं," छकूचे बाबा म्हणाले. "पण तू घेत नाहीस. हे मी लग्नापासून सांगतोय."

"कधी सांगितलंत?"

ते पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

संध्याकाळी ती कपाटात जाऊन बसली. छकू आधीच तिथे होती, कोटाच्या बाहीत हात घालून. दखलबाईने समजावण्याच्या सुरात सांगितलं, की अगं, मी आपली तुला वाईट वाटू नये म्हणून...

"तू सगळ्यांनाच हो म्हणतेस," छकू म्हणाली. "नळवाल्यांना, काकूंना, आजीला. मग माझं हो कुठलं?"

कपाटात फार अंधार होता, ते बरं झालं.

पुढच्या भेटीत मॅडमनी उपचार सांगितला. आता आईला सराव द्यायचा. छकू परीक्षक. तिने शब्द म्हणायचा, आईने डोळे मिटून ऐकायचा आणि मगच बटण दाबायचं. मान डोलवायची नाही. जीभ कुठे टेकवायची, श्वास कसा सोडायचा, हे छकूला सांगून झालंच होतं. पण ते आता बाजूला ठेवा, असं त्या म्हणाल्या. मान डोलवायची नाही ही अट सगळ्यात कठीण निघाली. छकूने कोटाचा पट्टा काढून आईची मान मागच्या दांडीला बांधायचा प्रस्ताव मांडला. सुदैवाने दांडी कच्ची होती.

सुरुवातीला दखलबाई रोज नापास. छकूला हे नवं जीवन फार आवडलं. आई चुकली की ती कासवासारखा चेहरा करून टाळ्या वाजवायची. पण हळूहळू, डोळे मिटून आणि मान आवळून बसल्यावर, त्या बाईला काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी नुसती शंका. मग तो गोळा. नऊ वर्षं ती ज्याच्यासोबत राहत होती तो ओलसर, भेदरलेला गोळा तिला पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. तिने ‘पुन्हा’ दाबलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नापास केल्यावर आनंदाने रडणारी आई छकूने तरी पाहिली नव्हती.

एकदा कान उघडले की ते फक्त कपाटापुरते उघडे राहत नाहीत. कचेरीच्या खिडकीत रोज येणारे एक आजोबा होते. शाळेसमोरच्या बैठ्या घरात राहणारे, गळक्या नळाचे. वर्षभर येत होते, वर्षभर दखलबाई त्यांची गळतीची नवी तक्रार नोंदवून शिक्का मारत होती. त्या दिवशी मान डोलवायची नाही हे चुकून लक्षात राहिलं, आणि आजोबांचं चौथं वाक्य तिच्या कानावर पडलं.

"गळती गेल्या वर्षीच बंद झाली हो," आजोबा म्हणत होते. "आता तुमची माणसं पाठवायची तेवढी बंद करा. दर महिन्याला येतात, दुरुस्त नळ उघडून बघतात, आणि जाताना तो गळका करून जातात. मग मी तो पुन्हा दुरुस्त करून घेतो."

दखलबाईचा शिक्का हवेतच थांबला. आजोबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. बहुधा कुणीतरी मेलं असावं अशी त्यांची समजूत झाली, कारण ते म्हणाले, "बरं, मी उद्या येतो."

ती तडक साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, नोंदवलेली तक्रार अशी रद्द होत नसते. आधी ती तक्रार चूक असल्याची तक्रार यावी लागते, आणि ती खिडकीवर द्यावी लागते. खिडकीवर मीच बसते, असं तिने सांगितलं. मग सोपंच आहे की, साहेब म्हणाले. पुढे त्यांनी काळजीनेही विचारलं, तुम्ही असं ऐकायला लागलात तर रांग कधी संपायची? दखलबाई खिडकीवर परतली, तिने आपल्याविरुद्धची तक्रार लिहिली, आपल्याकडेच दिली आणि तिच्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा अर्थ काय, हे जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

इकडे कपाटात आता परीक्षकाची पंचाईत झाली होती. आई प्रत्येक गोळा पकडायला लागली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ज्या परीक्षेत सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर, ती कसली परीक्षा? आईला फसवायचं तर मध्ये एखादा खरा घालायला हवा, आणि खरा तर आपल्याकडे नाही! छकूचा स्वाभिमान दुखावला. मोरीत, जिन्यात, उशीत तोंड खुपसून तिचं काहीतरी गुरगुरणं सुरू झालं. सासूबाईंना वाटलं, पोरीला बोका चावला की काय. घरात त्या मांजरीला आता सगळेच बोका म्हणत होते.

आणि एका संध्याकाळी राजा, दोरी, तार असे तीन गोळे पकडून झाल्यावर चौथा शब्द आला : घर. दखलबाईचा अंगठा ‘पुन्हा’कडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. घराला आज शेवट होता. कोरडा, खणखणीत, दाराला कडी लागावी तसा. आपला कान पुन्हा बिघडला असं तिला वाटलं. तिने श्वास रोखला आणि बरोबर दाबलं.

कासवाने टाळ्या वाजवल्या. छकूचं तोंड पडलं.

"कसं ओळखलंस?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. एवढ्या मेहनतीने लावलेला सापळा आईने पहिल्याच फटक्यात ओळखला होता. आपण काय केलंय हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग दोघी कोटांत तोंडं लपवून इतक्या हसल्या की पडद्यावर पाटी आली, आजूबाजूला आवाज आहे, कृपया शांत जागी जा.

पाळीच्या दिवशी छकूचं पोट दुखलं नाही. दखलबाईचं दुखलं. तिने कचेरीत उशिरा येते म्हणून कळवलं आणि ती शाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिली. समोर आजोबांचं बैठं घर. आणि त्या घरापुढे, रस्त्यावर चुन्याने चौकट आखून, तिच्याच कचेरीची माणसं रस्ता फोडायचा ब्रेकर घेऊन उभी. मुकादमाने हात वर केला आणि ते यंत्र असं काही कडाडलं की कुंपणावरचे पक्षी उडून गेले.

शाळेची घंटा झाली होती. कर्ण्यांमधून वर्गशिक्षिका काहीतरी सांगत होती, पण ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

"थांबा!" दखलबाई धावली. "इथे गळती नाही."

मुकादमाने यंत्र थांबवून खिशातला कागद काढला. "तक्रार आहे बाई. वरचेवर आलीय. नुसता नळ बघून भागत नाही म्हणून आता खणायचं ठरलंय. दखल घेतलेली आहे."

"ती मीच घेतलीय."

"मग तुम्हाला आनंदच व्हायला पाहिजे," असं म्हणून त्याने पुन्हा हात वर केला.

वाद घालायला वेळ नव्हता. वीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला एकच गोष्ट खात्रीने येते. दखलबाई पुढे गेली आणि चुन्याच्या चौकटीच्या बरोबर मधोमध, कचेरीत घालायच्या चांगल्या साडीनिशी, रस्त्यावर बसली. मुकादमाने वर केलेला हात खाली घेतला. आजोबा दार उघडून बाहेर आले, त्यांनी परिस्थिती पाहिली, आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले. एक त्यांनी तिच्याजवळ ठेवली. "जरा उशीर केलात," ते म्हणाले, "पण आलात." आणि दुसरीवर ते स्वतः बसले.

तेवढ्यात कर्ण्यातून खरखर आली, आणि मग छकूचा आवाज.

दखलबाईने डोळे मिटले. मान आवळून धरली. ‘रस्ता’ आला. मागोमाग ‘पांढरे पट्टे’ आले. ‘धीराने’, ‘अंतर’, ‘चारही दिशा’. काही ‘र’ घासून आले, एक तर दातांना आपटून आला, पण सगळे आले, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे धापा टाकत, एकेक करून. आणि मग अगदी शेवटच्या ओळीत, ‘दूर’ या शब्दाला, तो जुना ओळखीचा ओलसर गोळा पडला.

"चांगलं वाचलं पोरीने," मुकादम म्हणाला. "कुणाची हो?"

दखलबाई अजून डोळे मिटूनच होती. आजोबांनीच तिच्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी घरात गर्दी झाली. काकू म्हणाल्या, एक अक्षर चुकली नाही म्हणे. त्या दिवसभर घराबाहेर पडल्या नव्हत्या, पण त्यांना ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, मी सांगत होते ना, आपोआप जातं. छकूचे बाबा चक्क वर्तमानपत्र खाली ठेवून "वा" म्हणाले. छकूने कुणाकडेच पाहिलं नाही. ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"कसं झालं?"

दखलबाईचा अंगठा शिवशिवला. एक शब्द म्हटला की झालं. सगळं घर तेच म्हणत होतं.

"एक गेला," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीत. ‘दूर’मधला."

काकू म्हणाल्या, काय बाई ही आई! छकू मात्र आईकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं, जे टाळ्यांनी आलं नव्हतं.

"तो मी मुद्दाम चुकवला," ती म्हणाली. "तू खरंच ऐकतेयस का, ते बघायला."

ते खरं होतं की नाही, हे दखलबाईला आजतागायत कळलेलं नाही. तिने विचारायला तोंड उघडलं, तर छकूने तिच्याच थाटात मान डोलवली, "अगं बाई" म्हटलं, "हो ना" म्हटलं, आणि आपला अंगठा आईच्या तळहातावर शिक्क्यासारखा जोरात दाबला.

"बरोबर," ती म्हणाली.

दखलबाईने आधी दोन्ही ‘र’ नीट ऐकून घेतले. मग मान डोलावली.